हेळवाकची सपाटी

कऱ्हाडहून चिपळूणला जाणारा रस्ता मला पाठ आहे असा माझा समज होता. वर्गात शिकवून शिकवून एखादी कविता जशी पाठ होते, आणि पाठ झाल्यामुळेच तिच्यातले काही दिसेनासे होते, तसे त्या रस्त्याचे झाले होते. यंदाच्या आषाढात त्याच रस्त्याने मला अडवले, चांगले तासभर धुक्यात उभे केले आणि एक धडा दिला. धडा मोटारीच्या तेलाचा होता. पण तेलापुरताच होता असे मला आता वाटत नाही.

जाण्याचे कारण दरसालचेच. माझी आत्या चिपळूणला बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, वाशिष्ठीच्या बाजूस एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. श्वासाचा जुना आजार. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणात महापूर आला, तेव्हापासून आमच्या घरी एक अलिखित नियम झाला आहे. आषाढाचा पाऊस धरला, की मी जाऊन आत्याला कऱ्हाडला घेऊन यायचे, आणि दसरा झाला की परत पोचवायचे. आत्या कुरकुरते, पण पिशवी भरून ठेवते.

पूर्वी मी एस. टी.ने जात असे. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याची जुनी मोटार विकत घेतली आणि माझ्या आयुष्यात 'बोनेट' या वस्तूने प्रवेश केला. मराठीचा प्राध्यापक मोटारीचे बोनेट उघडून आत पाहू लागला, म्हणजे शेजारच्या व्हरांड्यात माणसे गोळा होतात. मी मात्र अभ्यासू वृत्तीचा. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका मी सटीप वाचली होती. वंगण हा शब्द मला प्रिय असल्याने दुकानात जाऊन मी "इंजिनाचे वंगण द्या" असे म्हटले, तर दुकानदाराने ग्रीसचा डबा पुढे केला. तेव्हापासून मीही मुकाट्याने ऑइल म्हणू लागलो.

निघताना सहकाऱ्याने बजावले, "सर, घाटात जाण्यापूर्वी ऑइल बघा बरं का." सौभाग्यवतींनी एक लिटरचा ऑइलचा डबा डिकीत ठेवला. डब्याशेजारी आत्यासाठी मेतकूट होते.

कऱ्हाडातून बाहेर पडले की मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण अशी गावे मागे टाकत रस्ता कोयनेच्या सोबतीने पश्चिमेला जातो. ही नदी मोठी मनस्वी. महाबळेश्वरला उगम पावते, डोंगरांच्या दोन रांगांमधून थेट दक्षिणेकडे येते, आणि हेळवाकला आल्यावर काय मनात येते कोण जाणे, काटकोनात वळून पूर्वेकडे निघते. कऱ्हाडला ती कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते. तो प्रीतिसंगम आमच्या गावचे भूषण. आम्ही प्रवाहाच्या उलट चाललो होतो, म्हणजे नदीच्या शेवटाकडून तिच्या वळणाकडे. उजव्या हाताला वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ढगात हात बुडवून फिरत होत्या. कऱ्हाडला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा कोयनानगरला आषाढातल्या काही दिवसांत पडून जातो. पाटण सोडल्यावर हा फरक अंगावरच येतो. आधी भुरभुर, मग सर, मग नुसते पाणी.

पावसाळ्यात या खोऱ्यातली माणसे एकमेकांना खुशालीआधी पातळी विचारतात. धरणात किती झाले? पन्नास झाले, साठ झाले. शंभरावर पाच टीएमसी ही धरणाची साठवणूक लहान मुलांनाही ठाऊक असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सोसून उभे राहिलेले हे धरण. पलीकडे पोफळीला त्याचेच पाणी डोंगराच्या पोटातून उतरून वीज करते आणि मग वाशिष्ठीला जाऊन मिळते. म्हणजे कोयनेचे काही पाणी माझ्या गावाला येते आणि काही आत्याच्या गावाला जाते. आमच्या नात्याला असा पाण्याचाही दुवा आहे.

हेळवाकला मी चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरीसमोर रस्त्यापासून वर चढत जाणारी मुरमाची जागा होती. गाडी तिथे नाक वर करून उभी केली, इंजिन बंद केले, आणि सहकाऱ्याचा उपदेश आठवून लगेच बोनेट उघडले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डिपस्टिक. ही डिपस्टिक म्हणजे एक लांब लवचीक पट्टी. तिच्या टोकाशी दोन खुणा असतात. खालची खूण म्हणजे किमान, वरची म्हणजे कमाल. ऑइल या दोहोंच्या मध्ये असले की गाडीची प्रकृती ठीक. मी पट्टी उपसली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, जेमतेम टोकाला लागलेले! माझ्या पोटात गोळा आला. पुढे कुंभार्ली घाट. मी एवढा सावध माणूस म्हणून बचावलो, नाहीतर काय झाले असते?

समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री टायरवर बसून विडी ओढत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. मीही अदबीने हात हलवला. विचारावे असे क्षणभर मनात आले, पण पुस्तिका वाचलेल्या माणसाने विडी ओढणाऱ्या माणसाला काय विचारायचे? मी डिकीतला डबा काढला आणि अख्खा ओतला. पुन्हा पट्टी घालून पाहिली, तर ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. बोनेट मिटून मी घाट उतरू लागलो. मागच्या काचेत निळसर धूर दिसत होता. धुके किती सुंदर दिसते आहे, असे मी मनाशी म्हटले. एखादे ललित वाक्यही जुळवले.

आत्याच्या घरी रात्र काढली. तिच्या ओटीवरच्या भिंतीला रंग देताना तिने एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्यावर पेन्सिलीने दोन रेघा. खालची २००५ ची, २६ जुलैच्या पुराची. वरची २०२१ ची. ती माझ्या खांद्याच्या वर जाते. आत्या त्या रेघांवरून फडके फिरवते, पण पुसत नाही.

त्या रात्रीची हकीगत मी अनेकदा ऐकली आहे. मागच्या दाराला नदीकडे उतरणाऱ्या पाच पायऱ्या आहेत. पायऱ्या हीच तिची मोजपट्टी. वीज गेलेली. अकरा वाजता तिने विजेरी मारून पाहिले, पाणी तिसऱ्या पायरीवर होते. एक वाजता पाहिले, तेव्हाही तिसरीवरच. पाणी थांबले असे तिला वाटले. शेजारच्यांनी वर बोलावले, तर ही म्हणाली, "थांबा, एकदा नीट ठरू दे." आणि ती पडून राहिली. पहाटे जाग आली ती अंथरूण भिजल्यामुळे. शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेले. त्या दिवसापासून तिचा श्वास अधिकच बिघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. आत्याच्या अंगणात गाडी रात्रभर सपाट फरशीवर थंड होऊन उभी होती. ऑइल पाहायला याहून चांगली वेळ आणि जागा मिळती ना. पण मी पाहिले नाही. कालच तर पाहिले होते!

पोफळी मागे पडली आणि चढ लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी जड वाटू लागली. मग जळका वास आला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने लांबलचक हॉर्न वाजवला आणि पुढे जाताना हाताने माझ्या गाडीच्या शेपटाकडे बोट दाखवले. मी आरशात पाहिले. धुके नव्हते. धूर होता, निळा, दाट, आणि तो माझ्याच गाडीतून येत होता. धूर आत शिरला तसा आत्याला खोकला सुटला. मी कडेची रुंद जागा पाहून गाडी थांबवली, काचा उघडल्या, तर पाऊस आत. काचा मिटल्या, तर धूर आत. आत्याने पदर नाकाशी धरला, पिशवीतून श्वासाचा पंप काढला, दोनदा ओढला आणि डोळे मिटून बसली. फोनला पट्टी नव्हती. एका बाजूला कातळ, एका बाजूला दरी आणि दोन्हींवर ढग. त्या क्षणी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. माझ्या काळजीपोटी मी तिला पुरापासून दूर न्यायला आलो होतो, आणि धुरात आणून ठेवले होते.

बोनेट उघडून पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर! काल कमी होते, मी एक डबा घातला, मग आज इतके कसे? गणित जुळेना.

इतक्यात गुहागरकडून येणारी एस. टी. थांबली. ड्रायव्हरसाहेब खाली उतरले, पट्टी पाहिली आणि म्हणाले, "आता चालू करू नका. हेळवाकच्या मिस्त्रींना पाठवतो. आजींना गाडीत घेऊन जाऊ का वर?" आत्या म्हणाली, "नको हो. हा एकटा राहिला तर आणखी काहीतरी ओतील."

तासाभराने मोटारसायकलवरून, अंगावर प्लॅस्टिकचा कागद पांघरून, मिस्त्री आले. कालचेच ते. गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ओळख पटली.

"आवं सर, ही गाडी काल टपरीम्होरं नाक वर करून हुबी हुती न्हवं का? मी तवाच हात केला हुता, थांबा म्हून. तुम्ही बी हात केला आन् गेलासा!"

मी काय बोलणार? आत्या मात्र खोकता खोकता हसली.

मिस्त्रींनी डिपस्टिकच्या भोकातून एक बारीक नळी आत सोडली, हातपंपाने थोडे ऑइल ओढले आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवले. "एवढ्यावर वर जाऊ. हितं चढावर मोजायचं न्हाई. मोजायचं ते सपाटीला." मग ते मोटारसायकलने पुढे आणि आम्ही मागे, असे हळूहळू वर आलो. धूर बराच कमी झाला होता.

त्यांच्या शेडसमोर फरशीसारखी सपाट जागा होती. गाडी तिथे उभी करून त्यांनी हॅन्डब्रेक ओढायला लावला, इंजिन बंद करवले आणि म्हणाले, "आता च्या घ्या."

"आणि ऑइल?"

"ते बी घरला येऊ द्या की." मग टायरवर बसून त्यांनी मला समजावले. विद्यापीठातल्या किती व्याख्यानांत मला इतके स्पष्ट काही ऐकायला मिळाले, हे मी आठवू लागलो. "इंजिन फिरतंय तवर ऑइल समदीकडं वर चढल्यालं असतंय. बंद केल्याव ते निथळून खाली चेंबरमदी येतं. त्याला येळ लागतो. तुम्ही बंद केली आन् लगीच पट्टी काढली. निम्मं ऑइल अजून वाटंवरच. त्यात गाडी नाक वर करून हुबी. तुमच्या गाडीची पट्टी म्होरल्या बाजूला, ऑइल पळालं मागल्या बाजूला. पट्टीला ते गावंल कसं? ऑइल कमी नव्हतंच. तुमचं बघणं चुकलं."

"पण ओतल्यावर तर मध्ये दिसले!"

"मदी दिसलं म्हंजी खरं किती आसंल, बघा."

जास्त झाले तर बिघडते काय, हेही मी विचारले. जे कमी पडल्याने गाडी मरते, ते अधिक असले तर चांगलेच, अशी माझी भोळी समजूत होती. मिस्त्रींनी चहाच्या पेल्यात बोट फिरवून दाखवले. ऑइल वर आले की फिरणारा भुजादंड त्यात बुडतो आणि ताक घुसळावे तसे त्याला घुसळतो. फेस होतो. फेसाला वंगणाचे काम जमत नाही. काही ऑइल श्वासनळीवाटे इंजिनात जाऊन जळते, तोच निळा धूर. दाब वाढून सील गळू लागतात, तो खर्च वेगळा. भरल्या घरातही माणूस गुदमरतो, ते असे.

दहा मिनिटे झाली. मिस्त्रींनी पट्टी काढली आणि न पाहताच पुसली. मी म्हटले, "अहो, पाहिले नाहीत!"

"पैल्यांदा काढल्यालं बघायचं नसतं. तेच्यावर शिंतोडं असत्यात." स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पट्टी पुसून त्यांनी ती पार शेवटपर्यंत आत दाबली, पुन्हा काढली आणि टोक खाली ठेवून धरली. टोक वर केले की ऑइल मागे ओघळते आणि खोटे वाचन होते. मग पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. एका बाजूला ऑइल जरा वर दिसत होते, दुसऱ्या बाजूला खाली. नळीच्या कडेला घासून एक बाजू माखते. "खालची बाजू खरी धरायची." आणि एवढे करून पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. दोनदा तेच आले, तेव्हाच मान हलवली.

अजून थोडे जास्त होते. तेही काढले. बाटली उजेडात धरली, तर एकूण पाऊण लिटरच्या आसपास ऑइल निघाले. उरलेले धूर होऊन घाटात गेले होते. म्हणजे मी ओतायच्या आधी गाडीचे ऑइल अगदी कमाल खुणेजवळ होते. बहुतेक मोटारींत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटर ऑइलाचे असते. खरोखरच कमी असले तरी पाव लिटर घालावे, थांबावे, पाहावे आणि मग पुढचे पाव घालावे. मी सगळा लिटर एका दमात ओतला होता. काही गाड्यांत ऑइल इंजिन थंड असताना पाहायचे असते, काहींत गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी. ते ज्याने त्याने आपल्या पुस्तिकेत पाहावे. माझ्या पुस्तिकेत सपाट जागेचे वाक्य होते. घरी आल्यावर मी ते शोधले. त्याखाली माझ्याच हाताची पेन्सिलीची रेघ होती!

ऑइल काळे दिसत होते, म्हणून मी चिंता व्यक्त केली. मिस्त्री म्हणाले, "काळं झालं म्हंजी ते काम करतंय. मळ उचलतंय. दुधावानी झालं तर घाबरा, पानी शिरलं म्हून समजा." उत्तरपत्रिकाही काळ्या झालेल्याच बऱ्या असतात, असे मला वाटले. आणि मग अगदी न बोलावता आठवल्या त्या उत्तरपत्रिकाच. एप्रिलच्या उकाड्यात, घाईने, एका बैठकीत तपासलेले गठ्ठे. माझे मन चढावर उभे असताना, डोके तापलेले असताना एकदाच काढून पाहिलेली पट्टी. त्यात कोणाचे माप खोटे लागले असेल, कोणाला मी कमी ठरवले असेल? ती पट्टी आता पुन्हा पुसून घालता येत नाही.

मजुरी विचारली, तर मिस्त्रींनी शंभर रुपये सांगितले आणि काढलेल्या ऑइलची बाटली बूच लावून माझ्या हातात दिली. "हे परत घालू नका. आठवणीला ठेवा."

गाडीत बसल्यावर मी आत्याला ते सारे तत्त्वज्ञान रंगवून सांगू लागलो. सपाटी हवी, थांबायला हवे, वस्तू स्थिर झाल्याखेरीज तिचे माप घेऊ नये, इत्यादी. कोयना उजव्या हाताला तांबडी होऊन धावत होती. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तुझ्या गाडीचं झालं. ती बंद करता येते. मी त्या रात्री थांबलेच होते रे, पाणी ठरायची वाट बघत. नदी बंद नाही करता येत."

मी गप्प झालो. दोन माणसे, दोन मोजपट्ट्या. मी थांबायचे तिथे थांबलो नव्हतो, ती थांबू नये तिथे थांबली होती. माझी चूक शंभर रुपयांत निस्तरली. तिची चूक तिच्या छातीत अजून घरघरते आहे. कोणती पातळी ठरू द्यायची आणि कोणती ठरण्याआधीच उठून निघायचे, हे कोणत्या पुस्तिकेत लिहिलेले असते?

कऱ्हाडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी पुसली, घातली, काढली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली होते. आत्या व्हरांड्यात खुर्ची टाकून पाहत होती. "दुसरी बाजू बघितलीस का?" तिने विचारले. मी बघितली.

दसऱ्यानंतर तिला परत पोचवायचे आहे. दिवाळीची पणती तिला त्या भिंतीवरच्या रेघांपाशीच लावायची असते. जाताना हेळवाकला थांबू. मिस्त्रींच्या सपाटीवर गाडी उभी करीन, इंजिन बंद करीन, आणि समोरून कोणी हात केला, तर आधी जाऊन विचारीन की तो कशासाठी केला.